नोटिशीतलं दुःख

ताई, स. न. वि. वि.

मी वाळवा तालुक्यातला शेतकरी. वडील गेल्यावर वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आई, मी, बहीण आणि धाकटा भाऊ अशी चौघांची नावं लागली, पण वाटप झालेलं नाही. जमीन मी कसतो. ऊस माझ्या नावावर कारखान्याला जातो, बिल माझ्या खात्यावर येतं. धाकटा पिंपरीला नोकरीला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वकिलाची इंग्रजी नोटीस आली. त्यात ‘माय क्लायंट इज अ‍ॅग्रीव्ह्ड बाय युवर कंडक्ट’ असं लिहिलंय. पुढे ‘ग्रेव्ह लॉस’, मग ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ आणि शेवटी पंधरा दिवसांत ‘ग्रीव्हन्स’ दूर करा म्हणून. मुलीने मोबाइलवर पाहिलं तर ‘दुःखी, व्यथित’ असा अर्थ निघाला. ते आईच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, “पोराला आपण एवढं दुःख दिलं व्हय?” जेवणावरचं लक्ष उडालंय तिचं. शेजारचे एक मेंबर म्हणतात की ‘ग्रीव्हस’ हा फौजदारीतला शब्द आहे, पोलीस केस होणार. या शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून? उत्तरात ‘आम्हीपण अ‍ॅग्रीव्ह्ड आहोत’ असं ठोकून द्यावं, की दुःख दिल्याबद्दल माफी मागावी?

— एक थोरला भाऊ

दादा,

आधी आईंना सांगा की ते वाक्य त्यांच्या धाकट्याचं नाही. वकिलांच्या कॉम्प्युटरवर नोटिशीचा साचा तयार असतो. नाव, गाव, गट नंबर बदलला की नोटीस झाली. ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ हा शब्द त्या साच्यातच बसलेला असतो. कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि या शब्दाशिवाय निघालेली नोटीस क्वचितच हाताखालून गेली असेल. तुमचा भाऊ वकिलासमोर बसून रडला असेल किंवा चहा पिऊन पाच मिनिटांत उठला असेल. या शब्दावरून ते कळायला मार्ग नाही. ‘माझ्या हक्काला तुमच्यामुळे बाध आलाय, असं माझं म्हणणं आहे’, एवढाच त्याचा नोटिशीतला अर्थ.

मुलीला मात्र रागावू नका. शब्दकोशात ‘दुःखी’ आहेच, आणि ते खोटं नाही. या शब्दाची एक बाजू दुःखाला लागून आहे आणि दुसरी अन्यायाला. घरात वाचला की पहिली बाजू दिसते, कोर्टात वाचला की दुसरी. हे असं का झालं ते कळायला त्याच्या मुळापर्यंत जावं लागेल. तुम्ही विचारलंच आहे, तर जरा सविस्तर सांगते.

लॅटिन भाषेत ‘ग्राविस’ म्हणजे जड. त्यावरून ‘ग्रावारे’, म्हणजे कुणावर ओझं घालणं. त्याला नंतर ‘अद्’ हा उपसर्ग लागला आणि ‘अग्रावारे’ झालं: आहे ते ओझं आणखी वाढवणं. हे क्रियापद फ्रान्सच्या लोकांच्या तोंडात घासलं गेलं आणि ‘ग्रेव्हेर’, ‘अग्रेव्हेर’ अशी त्याची रूपं झाली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. ते फ्रेंच बोलणारे, त्यामुळे दरबार, जमीनदारी, न्यायनिवाडा असा सगळा वरचा कारभार फ्रेंचमध्ये गेला. त्या वाटेने ‘ग्रीव्ह’ तेराव्या शतकात इंग्रजीत आला आणि ‘अ‍ॅग्रीव्ह’ १३००च्या सुमारास.

त्या वेळी या शब्दात डोळ्यातलं पाणी जवळजवळ नव्हतंच. ‘ग्रीव्ह’ करणं म्हणजे जाच करणं, पिळणं, इजा करणं. कर वाढवणाऱ्या राजाला शोभावं असं क्रियापद. त्याचं नाम ‘ग्रीफ’. ज्या शब्दावरून आज इंग्रजी माणसाला मृत्यू आणि शोक आठवतो, त्याचा जुना अर्थ हाल, जाच, झालेला अन्याय असा होता. पुढे जाच करणाऱ्याकडून शब्द जाच सोसणाऱ्याकडे सरकला आणि त्याच्या मनातल्या कढाला लोक ‘ग्रीफ’ म्हणू लागले.

आपल्याकडे ‘त्रास’ हा शब्द पाहा. ‘त्याने मला त्रास दिला’ आणि ‘मला त्रास झाला’, दोन्हीकडे शब्द तोच. एकात गुन्हेगार आहे, दुसऱ्यात नुसतं दुखणं. इंग्रजीत या दोघांची हळूहळू वाटणी झाली. ‘ग्रीव्ह’ आणि ‘ग्रीफ’ गेले दुखण्याच्या वाट्याला. आज ‘ग्रीव्ह’ म्हटलं की गेलेल्या माणसासाठी झुरणं. ‘अ‍ॅग्रीव्ह’ आणि ‘ग्रीव्हन्स’ राहिले अन्यायाच्या वाट्याला. भावंडंच, पण वेगळी चूल मांडलेली. (तुमच्या पत्राला उत्तर देताना ही उपमा टाळायला हवी होती, पण आता राहू दे.)

वाटणी झाली तरी जुन्या खुणा उरतात. फ्रेंचमध्ये आजही ‘ग्रीफ’ म्हणजे तक्रार, आरोप. शोकासाठी त्यांचे शब्द वेगळे. इंग्रजीत एखाद्या कामाची वाट लागली की ‘केम टु ग्रीफ’ म्हणतात. तिथे कुणी रडत नसतं, काम मोडलेलं असतं. आणि मुलगी मोबाइलवर खेळत असेल तर तिला विचारा, ‘ग्रीफिंग’ म्हणजे काय. ऑनलाइन खेळात दुसऱ्याने खपून बांधलेलं घर मुद्दाम पाडून ठेवायचं, त्याचा डाव नासवायचा, याला मुलं ग्रीफिंग म्हणतात आणि असं करणाऱ्याला ‘ग्रीफर’. सातशे वर्षांपूर्वीचा अर्थ नकळत पुन्हा वापरात आला. भाषेच्या मास्तरांनी नाही, ऑनलाइन खेळणाऱ्या पोरांनी आणला.

तुमच्या नोटिशीतला ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ हाही परका नाही. ‘अग्रावारे’ हा एकच लॅटिन शब्द इंग्रजीत दोनदा आला. एकदा फ्रेंचांच्या तोंडून झिजून, तो ‘अ‍ॅग्रीव्ह’. नंतर विद्वानांनी लॅटिन पोथ्यांतून थेट उचलला, तो ‘अ‍ॅग्रॅव्हेट’. आपल्याकडे ‘चक्र’ही आहे आणि ‘चाक’ही, तसंच. ‘अ‍ॅग्रॅव्हेट’ मूळ अर्थाला धरून राहिला: आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं. डॉक्टर आजार ‘अ‍ॅग्रॅव्हेट’ झाला म्हणतात तो हाच. ‘ग्रेव्ह लॉस’मधला ‘ग्रेव्ह’ तर सरळ ‘ग्राविस’चा नातू, म्हणजे भारी नुकसान. म्हणजे तुमच्या भावाच्या वकिलाने एका पानात चार वेळा एकच गोष्ट लिहिलीय: जड, जड, जड आणि जड. वकिली इंग्रजीला वजनाची हौस फार.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. लॅटिनच्या या ‘ग्राविस’चं आणि आपल्या ‘गुरु’चं मूळ एकच आहे. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे आधी जड. मान देण्याजोगा, शिकवणारा हे अर्थ त्याला पुढे चिकटले. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरु मोजले असतील, तिथे तो जुना अर्थ शिल्लक आहे. अष्टसिद्धींतली ‘गरिमा’ म्हणजे हवं तेवढं जड होण्याची सिद्धी, तीही याच कुळातली. ग्रीकांकडे याच मुळाचं ‘बारुस’ झालं, त्यावरून बॅरोमीटर. मराठीत त्याला वायुभारमापक म्हटलं ते अगदी नेमकं. आणि ‘ग्रॅव्हिटी’ला आपल्या लोकांनी ‘गुरुत्वाकर्षण’ म्हटलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन चुलतभाऊ पुन्हा एका ओळीत येऊन बसले.

मग दुःखाला जडच का म्हणायचं? याला इंग्रजीचीच गरज नाही. जड अंतःकरणाने निरोप दिला, बोलल्यावर मन हलकं झालं, असं आपणही म्हणतोच की. इंग्रजीतला साधा ‘सॅड’ पाहिला तर तोही याच वाटेने गेलेला दिसतो. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. तृप्ताचा झाला सुस्त, सुस्ताचा झाला जड आणि घट्ट, आणि जडाचा शेवटी झाला खिन्न. मधल्या काळाची आठवण म्हणजे ‘सॅड आयर्न’. निखाऱ्यावर तापवून कपड्यावर फिरवायची ती भरीव लोखंडी इस्त्री. तिला दुःख कसलं. ती नुसती जड.

उलटं उदाहरणही आहे. ‘सॉरो’ आणि ‘सॉरी’ सख्खे वाटतात, पण मुळात त्यांचा संबंध नाही. ‘सॉरी’ आला ‘सोअर’वरून, म्हणजे दुखऱ्या अंगावरून. ‘सॉरो’ काळजी या अर्थाच्या वेगळ्याच शब्दावरून. पुढे आवाज सारखे म्हणून दोघे एकमेकांना टेकले. तसाच थडगं या अर्थाचा ‘ग्रेव्ह’ आणि तुमच्या नोटिशीतला ‘ग्रेव्ह’ यांचाही काही संबंध नाही. थडग्याचा ‘ग्रेव्ह’ खणण्यावरून आलाय. तेव्हा मेंबरसाहेबांनी उद्या त्यावरूनही काही काढलं तर घाबरू नका.

आता कोर्टाकडे येऊ, कारण तुमच्या कामाचा भाग तिथे आहे.

इंग्लंडच्या कोर्टात फ्रेंचने इतकं ठाण मांडलं होतं की १३६२ साली कायदा करून सांगावं लागलं, लोकांना फ्रेंच कळत नाही, युक्तिवाद इंग्रजीत करा. तरी कागदावर फ्रेंच आणि लॅटिन पुढे कित्येक पिढ्या टिकलं. थेट १७३३पासून सगळं इंग्रजीत करणं बंधनकारक झालं. त्यामुळे इंग्रजी कायद्याचे निम्मे शब्द फ्रेंच घरातले, आणि त्यांतले बरेच मुळात आक्रोशाचे. दावा लावणारा ‘प्लेंटिफ’ घ्या. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ऊर बडवणं! ‘कंप्लेंट’ही तिथूनच. म्हणजे वादी हा मुळात ऊर बडवणारा. आपलीही तऱ्हा वेगळी नाही. ‘फिर्याद’ फारसीत म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. ‘तक्रार’ अरबीत म्हणजे तेच तेच पुन्हा सांगणं, आणि तहसील कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पण शब्द कोर्टात रुजला की कोर्ट त्यातलं रडणं पुसून टाकतं. फिर्याद देताना कुणी टाहो फोडत नाही, ठाणे अंमलदार लिहून घेतो. ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’चं तेच झालं. १८८०मध्ये लंडनच्या अपील कोर्टात लॉर्ड जस्टिस जेम्स यांनी या शब्दाचा अर्थ करून ठेवला, तो आजही आपल्याकडे उद्धृत होतो. सारांश असा: निकाल वेगळा लागता तर आपला फायदा झाला असता, म्हणून हिरमुसलेला माणूस ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ नव्हे. ज्याच्या विरुद्ध निर्णय होऊन त्याचं हक्काचं काही गैरपणे काढून घेतलं गेलं, तो ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’.

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयातले दोन खटले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला मुंबईचा. एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाबाहेर काही वकील रस्त्याच्या कडेला टपून उभे राहायचे. पक्षकार दिसला की धावत सुटायचे, त्याच्या हातातले कागद ओढायचे, फी पाडून सांगायचे, प्रसंगी आपसात मारामारीही करायचे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, शिस्त समितीने त्यांना दोषी धरलं. त्यावर वकिलांनी दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील केलं आणि तिथे ते सुटले. तेव्हा महाराष्ट्राचं कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेलं. समोरून आक्षेप आला की अपील फक्त ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ व्यक्तीला करता येतं. तुमचं काय गेलं? ना पैसा गेला, ना सनद. १९७५मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: व्यवसायाची शिस्त राखणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे, त्यात अडथळा आला, म्हणजे कौन्सिल ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ आहे.

दुसरा खटला त्याच सुमाराचा, गुजरातचा. एका गावात एकाचं थिएटर होतं. दुसऱ्याला तिथेच थिएटर काढायला ना-हरकत दाखला मिळाला. पहिल्याचा गल्ला बसणार हे उघड होतं. झोप उडाली असेल बिचाऱ्याची. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. कोर्टाने सांगितलं, तुमचं नुकसान होईल, पण गावात दुसरं थिएटर असू नये असा काही तुमचा हक्क नाही. तुम्ही ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ नाही.

लक्षात येतंय का? बार कौन्सिल ही संस्था. तिला मन नाही, डोळे नाहीत, ती रडत नाही. ती ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’. आणि रात्रभर तळमळणारा खरा माणूस ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ नाही. आईंना इंग्रजी समजावून सांगण्यापेक्षा ही थिएटरची गोष्ट सांगा, त्यांना पटकन कळेल.

या सगळ्या गोंधळात थोडा दोष आमच्या, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांच्या, जमातीचाही आहे. कायद्याच्या मराठीत ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ला ‘व्यथित’ म्हणायची रीत पडलीय. ‘आदेशाने व्यथित झालेल्या व्यक्तीस अपील करता येईल’ हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदाच्या तळाशी वाचलं असेल. माहिती अधिकारात मुदतीत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ भरून पहिलं अपील करता येतं; २००५च्या त्या कायद्यातही मूळ इंग्रजीत हाच शब्द आहे. आता ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याच्या खर्चाची माहिती दिली नाही म्हणून कुणी व्यथित होतं का? चिडतो माणूस. संस्कृतात ‘व्यथ्’ म्हणजे थरथरणं, आणि व्यथा म्हटलं की मराठी माणसाला काळजातली कळच आठवते. मला विचाराल तर ‘बाधित’ हा शब्द चांगला होता. पूरबाधित, प्रकल्पबाधित म्हटल्यावर रडणं डोळ्यासमोर येत नाही, झालेलं नुकसान येतं. पण आता ‘व्यथित’ रूढ झालाय आणि माझं कोण ऐकतो.

मेंबरसाहेबांचं म्हणणं एका वाक्यात निकालात काढते: नोटिशीत ‘ग्रीव्हस’ हा शब्दच नाही. असता तरी वाटपाच्या भांडणाला तो लागू नाही. ते ज्याबद्दल बोलतायत ते ‘ग्रीव्हस हर्ट’, मराठीत जबर दुखापत. जुन्या दंड संहितेत तिचं कलम ३२०. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ११६. त्यात काय काय येतं याची यादीच आहे. डोळा जाणं, कान जाणं, हाड किंवा दात मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तर ती जबर धरायचे, आता पंधरा दिवस. इथेही ‘ग्रीव्हस’ म्हणजे दुःखद नव्हे, भारी. ऊसबिलाने कुणाचं हाड मोडत नाही. (पंधरा हा आकडा दोन्हीकडे आला हा योगायोग. नोटिशीतले पंधरा दिवस वकिलाने घातलेले आहेत.)

आता उत्तराचं.

‘आम्हीपण अ‍ॅग्रीव्ह्ड आहोत’ असं लिहू नका. लिहिलंत की पुढचा प्रश्न येणार, तुमच्या कुठल्या हक्काला बाध आला? पत्रावरून तरी मला तसं काही दिसत नाही. नोटीस आल्याचा राग आलाय, आणि तो समजण्यासारखा आहे. भावाने फोन न करता वकिलाकडून पत्र पाठवावं हे जिव्हारी लागणारच. पण कोर्टाच्या भाषेत त्याला किंमत नाही, हे थिएटरवाल्यावरून कळलंच.

माफीही लिहू नका. ‘तुला दुःख दिलं, माफ कर’ असं तुम्ही मराठीत मनापासून लिहाल. तुमचा वकील त्याचं इंग्रजी करताना तोच शब्द वापरेल. आणि समोरचा वकील ते ‘आमच्या हक्काला बाध आणल्याचं थोरल्याने मान्य केलं’ असं वाचून दाखवेल. शब्दाच्या दोन बाजू आहेत म्हटलं ते याचसाठी.

उत्तरात हिशेब द्या. पिंपरीत बसलेल्या माणसाला काय दिसतं? पेपरात छापून आलेला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसभावाचा, दर आणि आपल्या शेतातलं टनेज. तो गुणाकार करतो आणि चौघांत भागतो. त्याला लागणीचं बेणं, खतं, पाणीपट्टी, मजुरी दिसत नाही. विकास सोसायटीचं कर्ज कारखान्याच्या बिलातून परस्पर कापलं जातं, हे तर शेतात न राहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. कारखान्याच्या बिलांच्या पावत्या, सोसायटीचा खातेउतारा, खत दुकानाची बिलं, सगळं वर्षावार लावून ठेवा. ज्याच्या पावत्या नाहीत तो खर्च वेगळा लिहा, आणि तसं स्पष्ट म्हणा. उरलेल्या रकमेत त्याचा वाटा निघत असेल तर तो आकडाही लिहा. थोरल्याने जमीन कसली, तो राबला, त्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे; तोही आकड्यात मांडा, रुसव्यात नको. हे सगळं तालुक्याच्या एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवून त्याच्या सहीने पाठवा. नोटीस म्हणजे दावा नव्हे, पण गप्प बसलात तर पुढची पायरी वाटपाचा दावा असू शकते, आणि तो एकदा दिवाणी कोर्टात शिरला की मुलीच्या लग्नापर्यंत चालेल.

सगळ्यांची संमती असेल तर दाव्याची गरजही नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपासाठी अर्ज करता येतो. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतं, आणि त्या अर्जात कुणाला ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ व्हावं लागत नाही.

फोन वेगळा करा, आणि मराठीत करा. नोटिशीचं नाव काढू नका, हिशेबाचंही नको. ते कागदावर जातंच आहे. आई जेवत नाही हे मात्र सांगा. ते त्याला माहीत असण्याचा काही मार्ग नाही आणि माहीत असायला हवं. आईंना बोलायचं असेल तर बोलू द्या. फक्त ‘नोटीस मागे घे’ हे त्यांच्या तोंडून वदवून घेऊ नका. त्याही सातबाऱ्यावर आहेत. दोन मुलांच्या मधल्या निरोप्या नाहीत त्या, त्यांचाही स्वतःचा हिस्सा आहे.

आणि हो, तुमच्या पत्रात बहिणीचं नाव एकदाच येतं, वारस नोंदीत. ऊसबिल तिलाही पोचलेलं नाही असं दिसतंय, आणि तिने नोटीस पाठवलेली नाही. वकिलाकडे जाल तेव्हा हिशेबाच्या प्रती तीन काढा. एक पिंपरीला, एक आईंना, एक तिला.

— तुमची ताई